पांगाऱ्याचा राघू

सावरपाड्याच्या धाऊला चढता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर वैशाखऱ्यापासून म्हशापर्यंतच्या लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. माणूस शिडशिडीत, पायाला वारा लागलेला. आंब्याच्या शेंड्याचा पाड उतरवायचा तर धाऊ, ऐनाच्या झाडावरचं मोहोळ झाडायचं तर धाऊ. शिवाय घराणं पाळणेकऱ्याचं. त्याचा बाप गणू पाळणेकरी, आजा पाळणेकरी. आता पाळणेकरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण धाऊच्या आयुष्याचं जे काही झालं ते त्या एका शब्दानं झालं.

पाड्याच्या मागे जो डोंगर उभा आहे त्याच्या उरावर एक कपार आहे. तिथे सटवाई बसते. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, तीच ही. जिची कूस उजवत नाही तिच्या नवऱ्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा वीतभर पाळणा कोरायचा. बायकोने आपल्या लग्नाच्या लुगड्याचा पट्टा फाडून त्या पाळण्याला झोळी करायची. पौषात म्हशाची जत्रा आटोपली की असे जमलेले पाळणे पाळणेकऱ्याने एकट्याने वर न्यायचे आणि सटवाईपुढे टांगून यायचे. मूल मोठं होऊन त्याचं लग्न ठरलं, की आईने आपल्या हाताने तो पाळणा उतरवायचा आणि लग्नाच्या मांडवात बांधायचा. रीत अशी सुंदर होती. फक्त ती पुरी करणं कुणा आईला जमत नव्हतं, कारण मध्ये सासूचा कातळ होता.

हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने अनुभवाने ठेवलं असावं. सरळ, गुळगुळीत, कुणालाही सुखासुखी वर न जाऊ देणारा तो कातळ. मागच्या कुणी तरी त्यात बोटं अडकतील एवढ्या खोबणी खोदलेल्या, आणि डाव्या हाताला काहीच नाही. म्हणजे झाडांचे शेंडे आहेत, पण ते फार खाली. बायकांनी तिथवर जायचं नाही, त्यांनी खालच्या ओढ्यापाशी थांबायचं. पाळणा उतरवायलासुद्धा आईच्या वतीने पाळणेकरीच जाई. वर पोचला की तो हाळी देई, "पोचलं गो आई!" ती हाळी डोंगरात घुमली की बायका ओढ्याचं पाणी डोळ्यांना लावत.

एकतीस-बत्तीस सालच्या सुमारास गणू तापाने गेला. पहिल्याच पौषात पाड्याची सगळ्यांत जाणती बाई बाईजा धाऊकडे आली आणि तिने पाळण्यांची मोट त्याच्या खांद्यावर ठेवली. "बापाचं नाव राख रे," एवढंच म्हणाली. त्या मोटेत शेजारच्या सकुबाईचा पाळणा होता.

झाडावर चढणं वेगळं आणि कातळावर चढणं वेगळं, हे धाऊला त्या दिवशी कळलं. झाडाला माणूस कवेत घेतो. कातळ कुणाच्या कवेत येत नाही. दोन खोबणी तो चढला. तिसरीत पाय ठेवताना त्याने डावीकडे पाहिलं, आणि त्याची मांडी लटलट कापायला लागली. ती त्याची मांडीच नव्हती, इतकी ती त्याचं ऐकेना. तो कातळाला पोट घासत घासत खाली आला. गुडघे सोलले होते. खाली बसून तो रडला, हे मी लपवत नाही, कारण त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. भीती कुणालाही वाटते. लाजण्यासारखं पुढे आहे.

कातळाच्या पायथ्याशी एक बीळ होतं, पुढे निमुळतं होत गेलेलं, हात खांद्यापर्यंत आत जाईल असं, आतून कोरडं, तळाशी तांबडी मऊ माती. धाऊने आत पाला अंथरला आणि सगळे पाळणे नीट, एकाला एक लावून आत ठेवले. हात जोडले. "आई, पुढच्या साली वर आणतो," असं म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. मग ओढ्यावर बायका वाट बघताहेत हे आठवलं. त्याने तोंडाला हात लावून हाळी दिली. डोंगराने ती घुमवली. हाळी कातळाच्या वरून आली की खालून, हे काही डोंगर सांगत नाही.

झालं. पुढच्या भातकापणीला सकुबाईला मुलगी झाली. काशी.

आता या गोष्टीला काय म्हणावं? देव न्यायी असता तर त्याने त्या साली सावरपाड्यात एकही पाळणा हलू दिला नसता, म्हणजे धाऊचं बिंग तिथल्या तिथे फुटलं असतं आणि बिचारा सुटला असता. पण तसं झालं नाही. काशीमागून आणखी एकीला झालं, पलीकडच्या पाड्यात आणखी एकीला. बाप गणूच्या हातून इतक्या झटपट कधी उजवलं नव्हतं, असं बायका बोलू लागल्या. प्रत्येक बारशाला धाऊला पाटावर बसवायचे, पहिला नारळ त्याच्या ओटीत, डोक्याला नवं मुंडासं. पोरं त्याला धाऊबाबा म्हणू लागली. दर पौषात तो मोट घेऊन जायचा, कातळाशी उभा राहायचा, मांडी कापायची, बिळात पाळणे ठेवायचा, हाळी द्यायचा. बापाच्या वेळचा एखादा पाळणा लग्नासाठी उतरवायची वेळ आली, तर 'पार कुजलाय, हात लावला तर मोडंल' असं सांगून मोकळ्या हाताने परतायचा. 'पुढच्या साली' हे त्याचं देवाशी नेहमीचं बोलणं झालं होतं. आणि मुंडासं बांधून घेताना त्याची मान खाली असायची. लोकांना वाटे, माणूस किती नम्र!

राही त्याची बायको. धसईकडची, चांगल्या भातवाल्या घरातली. उंचीने बेताची, हात काडीसारखे, पण भाताच्या आवणीला उभी राहिली तर भल्याभल्या बायकांना मागे टाकेल अशी. लग्नाला काही वर्षं झाली, पदर रिकामाच राहिला, तेव्हा धाऊने तिच्यासाठी पाळणा कोरायला घेतला. इतरांचे पाळणे म्हणजे चार काठ्या आणि एक चौकट. धाऊने आपल्या पाळण्याचे खूर कातले, कठडा केला आणि वर दोऱ्याने एक राघू टांगला. चोच, पंख, मान जराशी वाकडी. राही बघतच राहिली आणि मग हसली.

"पोराच्या आदी राघूच मोठा केलात."

तिने पेटीतून लग्नाचं हिरवं लुगडं काढलं. फाडताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

त्या पौषात धाऊ घरून निघाला तो ठरवूनच निघाला. बाकीच्यांचं राहू दे, राहीचा पाळणा वर जाणारच. तो कातळावर चढला. नेहमीपेक्षा एक खोबण जास्त चढला. तिथे वाऱ्याचा झोत आला, पाठीवरचा पाळणा हलला आणि राघू त्याच्या मानेला टक्‌ करून लागला. बस, तेवढ्याने संपलं. तो खाली आला. राहीचा पाळणा त्याने बिळात सगळ्यांच्या वर ठेवला, जणू वर ठेवल्याने काही फरक पडणार होता.

घरी राही उंबऱ्यात उभी होती.

"बांधला?"

"बांधला."

"राघू कुनीकडं तोंड करून हाय?"

याचं उत्तर द्यायची काही गरज नव्हती. 'बघितलं नाय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला खोट्याची सजावट करायची हौस असते. "आईकडं," धाऊ म्हणाला. राहीने समाधानाने मान हलवली.

इतरांच्या घरी पाळणे हलत राहिले. राहीच्या घरी नाही. बारशाला जाताना ती बायकांच्या मागे उभी राहायची. कुणी पुढे ये म्हणत नसे, तीही येत नसे. मागून ती नवऱ्याच्या डोक्याला मुंडासं बांधलेलं बघायची. घरी आल्यावर ते घडी घालून ठेवताना म्हणायची, "तुमचा हात नाय चुकला. आईनं माज्याच कपाळावर लिवलं नसंल."

हे वाक्य ऐकलं की धाऊ अंगणात जाऊन बसे. तो मनातल्या मनात हिशेब करी. सटवाईला बिळातले पाळणे चालतात म्हणावं, तर मग राहीचाही चालायला हवा होता. चालत नाहीत म्हणावं, तर बाकीची पोरं आपापल्या नशिबानेच झाली आणि राहीचा नवस मात्र कुणी सटवाईपर्यंत पोचवलाच नाही. कसंही मांडलं तरी शेवटी राहीच उरायची, बायकांच्या मागे उभी. त्याला स्वतःची इतकी लाज वाटे की कधीकधी तो तिच्याशी बोलायचंच टाळी. मग ती समजायची, मूल नाही म्हणून हा आपल्यावर रुसला आहे. असं हे दुहेरी पाप.

दुसरी मोठी लढाई संपली. लढाईत लोखंडावर बक्कळ कमावलेल्या कल्याणच्या एका व्यापाऱ्याला नातू झाला. त्याच्या घरातल्या बाईने म्हशाच्या जत्रेत सटवाईला नवस बोलला होता. व्यापाऱ्याने लोहार पाठवले आणि सासूच्या कातळाला वरपासून खालपर्यंत जाड साखळी ठोकून दिली. लोहार परक्या गावचे, दोर लावून चढले, काम केलं आणि गेले. त्याच उन्हाळ्यात सकुबाईच्या काशीचं लग्न ठरलं.

सकुबाई धावतच धाऊच्या अंगणात आली. मागोमाग काठी टेकत बाईजा.

"धाऊदादा, आता साकली झाली. आता मी माज्या हातानं उतरवनार माज्या काशीचा पालना!"

"सगल्याच जायाच्या," बाईजा म्हणाली. "ज्या ज्या आया झाल्या त्या समद्या. आपापला पालना डोळ्यानं बघतील. इतकी वर्सं हाळीच ऐकली. तू पुढं व्हायचास, धाऊ. तुज्याबिगर वाट कोन दावनार?"

धाऊ बसल्या जागचा उठला. तो काही बोलणार तोच घरातून राही बाहेर आली. पीठ लागलेले हात तिने पदराला पुसले.

"मी पन येते," ती म्हणाली. "उतरवाया नाय. माजा तिथंच राहू दे. येकदा बघते फकस्त."

आता सुटका नव्हती. वर जाऊन बायका बघणार काय? मोकळी कपार, फार तर बापाच्या वेळचे जुने पाळणे.

वाट करवीच्या झुडपांनी बुजली असेल, आधी जाऊन साफ करून येतो, असं सांगून धाऊ एकटाच निघाला. खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. करवी तोडायला लागायचीच, म्हणून ते बोलणं तेवढं खरं होतं. ओढा ओलांडताना त्याला वाटलं, पाळणे वाळवीने खाल्ले असतील तर बरं. मग वाटलं, नको, खाल्ले नसतील तर बरं. कातळाशी येऊन तो गुडघ्यावर बसला आणि बिळात हात घातला.

पाळणे होते. दोन-चार पार खिळखिळे झाले होते, पण बाकी जसे ठेवले तसे. त्याने एकेक बाहेर काढला. ही सकुबाईची जांभळी झोळी. ही ह्या पाड्यातली, ही त्या पाड्यातली. प्रत्येक झोळीचं मूल आता गुरं वळत होतं, आवणी करत होतं. आणि ही हिरवी झोळी. तिच्याकडे न बघताच त्याने ती बाजूला ठेवली.

मग घोंगडीत मोट बांधली, साखळी धरली आणि वर चढला. मांडी कापली, पण हाताला लोखंड होतं. तोंडातला विडा चघळून व्हायच्या आत तो वर होता. एवढंच? एवढ्याशा चढापायी आपण राहीशी इतकी वर्षं खोटं बोललो? खाली दऱ्या दिसत होत्या त्या भयंकर वाटण्याऐवजी आता त्याला तो स्वतःच भयंकर वाटला. त्याने कपाळ कातळाला टेकलं आणि तसाच राहिला.

कपार काळ्या दगडाची, पुढून उघडी. पावसाचे सपकारे थेट आत येतील अशी. आत शेंदराचे ओघळ आलेला सटवाईचा तांदळा, म्हणजे नुसता अनघड दगड, आणि एका आडव्या लाकडावर बापाच्या हातचे जुने पाळणे. ऊनपावसाने लाकूड राखेसारखं करडं झालेलं, झोळ्यांच्या नुसत्या पांढऱ्या चिंध्या. त्यांच्या शेजारी धाऊने आपले पाळणे टांगले. राहीचा सगळ्यांत पुढे, आईच्या तोंडासमोर टांगताना त्याच्या लक्षात आलं, राघू नाही. नुसता दोरा लोंबतोय.

तो साखळीवरून घाईघाईने खाली उतरला. बिळात खांद्यापर्यंत हात घातला, पार गाल दगडाला चिकटेपर्यंत. बोटांना माती लागली, राघू लागला नाही. पुढे बीळ अरुंद होत होतं, त्याचा दंड आत शिरेना. सूर्य कलला. उंदरांनी नेला असेल, त्याने स्वतःला सांगितलं, आणि तो उठला.

संध्याकाळी राही चुलीपुढे बसून कासोटा घालायच्या लुगड्याला ठिगळ लावत होती. इतक्या वर्षांत तिला अशी गुणगुणताना त्याने पाहिलं नव्हतं. सांगून टाकावं, आत्ता, वाढण्याच्या आधी. त्याने तोंड उघडलं.

"वाट साफ झाली," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता बायकांची रांग निघाली. जत्रेलासुद्धा एवढ्या नटत नाहीत अशा नटलेल्या. पुढे धाऊ, मागे सकुबाई, शेवटी राही. बाईजाला दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं आणि ती वाटभर दोघींना शिव्या देत होती, मला धरता कशाला म्हणून. ओढ्यापाशी नेहमी थांबायची सवय, तिथे सगळ्या आपोआप थांबल्या. धाऊने मागे वळून पाहिलं. "चला ना," तो म्हणाला. त्या ओढा ओलांडताना पोरीबाळींसारख्या खिदळल्या.

बाईजा कातळाच्या अलीकडे सावलीत बसली. बाकीच्या एकेक करून साखळी धरून वर गेल्या. धाऊने कुणाचा हात धरला, कुणाला पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं. घाबरणारीला तो म्हणत होता, "डावीकडं बघू नको गो, मांडी कापती." ते ऐकून सकुबाई म्हणाली, "तुला काय ठावं रे कापन्याचं!" आणि सगळ्या हसल्या. धाऊला साखळी सोडून द्यावीशी वाटली.

कपारीत शिरल्यावर मात्र हसणं थांबलं. मग कुणी तरी किंचाळलं.

"ह्यो माजा! गो, रंग बघ!"

सकुबाईने जांभळी झोळी छातीशी धरली. तिच्या शेजारच्या झोळ्या तांबड्या, पिवळ्या, जशा फाडल्या तशा. आणि पलीकडे गणूच्या वेळच्या त्या करड्या काटक्या आणि चिंध्या. बायकांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"गणूबाबाचे रंग इटले, धाऊदादाचे नाय इटले!"

"आईनं पावसाला हात लावू नाय दिला!"

"लढाईत कंट्रोलचं कापड येका पावसात गेलं माजं. नि हे बघ!"

चमत्कार म्हणतात तो असा होतो. सकुबाई धाऊच्या पाया पडली. तिच्या मागोमाग सगळ्या पडू लागल्या. धाऊ पाय मागे घेत घेत पार कपारीच्या भिंतीला टेकला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं, पण खाली काळा फत्तर होता.

आणि एकटी राही आपल्या पाळण्यापुढे उभी होती. तिने हिरवा पट्टा दोन बोटांत धरून चोळून पाहिला. जन्मभर ओढ्यावर कपडे धुतलेली बाई ती. मग तिने तो अलगद झाडला. घडीतून चिमूटभर तांबडी माती खाली पडली. राहीने खालच्या काळ्या दगडाकडे पाहिलं, वर पाहिलं, सगळीकडे पाहिलं.

"राघू कुठं गेला?" तिने हळूच विचारलं.

"वाऱ्यानं गेला असंल," धाऊ म्हणाला.

राहीने पट्टा हळूच सोडला. सटवाईला हळदकुंकू वाहिलं आणि इतर बायकांच्या कौतुकात मान हलवत राहिली.

उतरताना धाऊ आधी खाली आला आणि एकेकीला साखळीवरून उतरवून घेत राहिला. उतरली की जी ती बाईजाकडे चमत्कार सांगायला धावत होती, आणि मग बाईजाला घेऊन सगळ्या ओढ्याकडे निघाल्या. राही शेवटची उतरली. पाय जमिनीला लागला आणि ती तिथेच थांबली. बिळाच्या तोंडाशी तांबडी माती उकरलेली होती. धाऊने आठवड्यापूर्वी हाताने उपसलेली. दगडावर त्याच्या बोटांच्या तांबड्या खुणासुद्धा तशाच होत्या.

धाऊने हातातली साखळी सोडली. 

राही गुडघ्यावर बसली. बांगड्या मागे सारल्या आणि आपला काडीसारखा हात बिळात घातला. जिथे धाऊचा दंड अडकला होता तिथून तिचा सहज पुढे गेला. ती डोळे मिटून चाचपत राहिली. मग तिची बोटं थांबली. हात बाहेर आला तेव्हा मुठीत राघू होता. एक पंख कुरतडलेला, बाकी तसाच, मान जराशी वाकडी.

तिने फुंकर मारून त्याची माती काढली. नवऱ्याकडे वर पाहिलं.

"आईकडं तोंड करून व्हता ना?"

एवढंच ती म्हणाली. राघू कनवटीला खोचला आणि बायकांच्या मागोमाग चालू लागली.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, शब्द नाही. तिने मारलं असतं तर धाऊने मार खाल्ला असता, शिव्या दिल्या असत्या तर ऐकल्या असत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी न राहवून तो तिच्यासमोर बसला.

"उद्या मांडवात सांगतो समद्यांना. बिळाचं. खोटं बोललो ते. म्हंजे सुटंल येकदाचं."

राही तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोन सुटंल?"

तिने सुपातले तांदूळ पुढे ओढले.

"तुमी सुटाल. नि सकुबाय? तिच्या पोरीचा पालना उद्या मांडवात हाय. समद्या बायका मला हात लावून लावून सांगतात, आईनं आमचा रंग राखला. त्यांचं काढून घ्यायचं, तुमाला हलकं वाटावं म्हनून?" तिने खडा वेचून बाजूला टाकला. "नाय सांगायचं. मुंडासं बांधतील ते बांधून घ्यायचं. दर बारी. खाली मान घालून नाय, माज्याकडं बघून."

आणि तसंच झालं. कापड मिळायची मारामार असताना सकुबाईने कुठून तरी धाऊसाठी मुंडाशाचं कापड राखून ठेवलं होतं. मांडवाच्या आढ्याला जांभळ्या झोळीचा पाळणा टांगला होता. धाऊ पाटावर बसला. राही बायकांच्या मागे उभी होती, नेहमीच्या जागी. मुंडाशाचा पहिला वेढा पडला तेव्हा धाऊने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. शेवटचा वेढा पडेपर्यंत तिनेही नजर काढली नाही. लोक म्हणाले, धाऊबाबाच्या डोळ्यांत पाणी आलं, किती माया पोरीवर! लाजेचं पाणी आणि मायेचं पाणी सारखंच दिसतं, हे त्याच्या पथ्यावर पडलं की मुळावर आलं, तुम्हीच ठरवा.

राघू राहीने कोनाड्यात ठेवला. धाऊ जेवायला बसे त्याच्या बरोबर समोर.

पौष आला, म्हशाची जत्रा आटोपली आणि पाड्यातल्या लडकूची सून मंगळी लाजत लाजत अंगणात आली. पदराखाली पाळणा होता. "धाऊबाबा, न्याल ना?" धाऊने राहीकडे पाहिलं. राहीने मंगळीच्या हातून पाळणा घेतला, चौकट दाबून पाहिली, झोळीची गाठ पाहिली. मग आत गेली, कोनाड्यातला राघू आणला आणि नव्या दोऱ्याने त्या पाळण्याला वर टांगला. मंगळी हरखली.

"काकी, तुमचा राघू?"

"माज्याकडं कशाला त्यो," राही म्हणाली. "मी पन जाते ह्यांच्यासंगं."

पाळणेकऱ्याने एकट्याने जायचं ही रीत. पण ज्याच्या झोळीचा रंगही आई उडू देत नाही, त्याच्या बायकोला कोण अडवणार?

दोघं गेली.  कातळाशी आल्यावर राही बिळाच्या तोंडाशी बसली, पाठ लावून, बीळ पुरं झाकलं जाईल अशी. धाऊने साखळी धरली. मांडी कापलीच. ती आता जन्मभर कापणार होती. तो वर गेला, मंगळीचा पाळणा हिरव्या झोळीच्या शेजारी टांगला, दोरा पिळून पिळून राघूचं तोंड सटवाईकडे केलं आणि तो तसा ठरेपर्यंत धरून ठेवला. मग कपारीच्या कडेला येऊन त्याने हाळी दिली. जन्मात पहिल्यांदा ती वरून गेली. डोंगराने ती नेहमीसारखीच घुमवली.

तो खाली उतरला. राही तशीच बसून होती.

"बांधला?"

"बांधला."

"राघू कुनीकडं तोंड करून हाय?"

"आईकडं," धाऊ म्हणाला.

राहीने ऐकून घेतलं. उठली, लुगड्याला लागलेली तांबडी माती झाडली, पदर खोचला, साखळी हातात घेतली आणि स्वतः बघायला वर निघाली. धाऊ खाली साखळी धरून उभा राहिला.